वय क्लबचं की हिरवळीचं?

जुन्या गोल्फ क्लबचं शतक किंवा दीडशेवं वर्ष जवळ आलं की एक स्मरणिका निघते. जाड, गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर संस्थापकांचा मिशाळ समूहफोटो. मग कॅप्टनांची यादी, चषकांची यादी, क्लबहाऊसला कधीतरी लागलेली आग आणि नंतरची उभारणी, राजघराण्यातल्या कोणाची तरी भेट, ‘होल इन वन’चे, म्हणजे एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये गेल्याचे, दोन-चार किस्से, आणि अध्यक्षांचे ‘दोन शब्द’, जे तीन पानांच्या आत कधीच संपत नाहीत. अशा स्मरणिका वाचायला मला मनापासून आवडतात. जुन्या संस्थांची स्वतःकडे बघण्याची एक ऐट असते, तिची गंमत वाटते. पण शेवटचं पान उलटल्यावर एक साधा प्रश्न उरतोच: एवढी वर्षं ते गवत कापलं कोणी?

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. जुन्या क्लबने उत्सव जरूर करावा, थाटात करावा. मात्र शंभर-दोनशे वर्षं नेमकं काय टिकलं, हे आधी ठरवावं. सभासद येतात-जातात, कार्यकारिणी बदलते, नियम बदलतात. टिकते ती जमीन, आणि तीही कोणीतरी रोज पहाटे तिच्यावर राबतं म्हणून. उत्सव तिचा असेल, तर तिच्यावर कोणाला पाऊल ठेवू दिलं आणि कोणाला नाही, हा हिशेब स्मरणिकेत यायलाच हवा. आणि पुढची शंभर वर्षं हवी असतील, तर तो चुकताही करावा लागेल.

वयाचा अभिमान धरायला गोल्फकडे कारण आहे, हे मान्य. १७४४ साली एडिंबरा शहराने लीथच्या मैदानावरील स्पर्धेसाठी चांदीची स्टिक बक्षीस ठेवली आणि तिथल्या खेळाडूंनी त्यासाठी १३ नियम लिहून काढले. आज हाती असलेले गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम तेच. दहा वर्षांनी, १७५४ मध्ये, स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज या गावी २२ जणांनी एक मंडळ स्थापलं, तेच पुढे ‘रॉयल अँड एन्शंट’ झालं. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब कोलकात्याचा, १८२९ चा. फ्रान्समधला पो १८५६ चा, मॉन्ट्रियलचा १८७३ चा.

पण या काळात तसंच्या तसं राहिलं ते काय? पिसं ठासून भरलेला चामडी चेंडू गेला, गटापर्चा या झाडाच्या चिकाचा आला, मग रबराचा. हिकरी लाकडाच्या दांड्या जाऊन पोलाद आलं. १८ होल हेसुद्धा काही अनादि नाही. लीथला पाचच होल होते आणि सेंट अँड्र्यूजला १७६४ पर्यंत एक फेरी २२ होलची होती. लीथची ती नियम लिहिणारी मंडळी, म्हणजे ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स’, तर जागाही बदलत गेली: १८३६ मध्ये मसलबरा, १८९१ मध्ये म्युरफील्ड. त्यांनी सोडलेल्या मसलबऱ्याच्या जुन्या नऊ होलच्या मैदानावर आजही कोणीही पैसे भरून खेळू शकतो. क्लब उठून गेला, खेळ तिथेच राहिला.

जमीन कशी टिकते हे बघायचं तर सेंट अँड्र्यूजलाच जावं. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगराने मैदान विकलं आणि ते सशांची पैदास करणाऱ्यांच्या हाती गेलं. गोल्फवाले विरुद्ध ससेवाले असा तंटा वर्षानुवर्षं कोर्टात चालला. शेवटी १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमचा जमीनदार जेम्स चीप याने ती जमीन विकत घेऊन खेळासाठी राखली. १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा नगराकडे आली आणि १९७४ पासून एक विश्वस्त मंडळ तिचा कारभार पाहतं. थोडक्यात, जगातलं सर्वांत नावाजलेलं गोल्फ कोर्स कोणत्याही क्लबच्या मालकीचं नाही. पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, मागे ‘रॉयल अँड एन्शंट’चं दगडी क्लबहाऊस दिमाखात उभं आहे, पण समोरची हिरवळ त्यांची नाही. ‘ओल्ड कोर्स’ म्हणतात त्या या मैदानावरच्या खेळण्याच्या वेळांचा मोठा हिस्सा सोडतीने वाटला जातो. रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि लोक कुत्री घेऊन तिथे फिरायला येतात. पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेला, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्याला, छेदून एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो, त्याचं नाव ग्रॅनी क्लार्क्स विंड. कोणी पोराबाळांना घेऊन किनाऱ्याकडे निघालं असेल, तर ड्राइव्ह मारायला उभा राहिलेला खेळाडू थांबतो. तो कितीही मोठा असो. ऐट कमी झाली म्हणून तिथलं वैभव कमी झाल्याचं कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

या मैदानावर ओल्ड टॉम मॉरिसने १८६० च्या दशकापासून १९०३ पर्यंत राखणदारी केली. तो चार वेळा ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धा, जिंकला, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण गवतावर वाळू पसरली तर ते दाट येतं, हे त्याने ओळखलं आणि आयुष्यभर वाळू पसरत राहिला. माझ्या मते जिंकलेल्या चार ओपनपेक्षा त्या वाळूचं मोल जास्त आहे.

ग्रीनकीपरचं, म्हणजे मैदान राखणाऱ्याचं, काम जवळून बघितलं तर ‘परंपरा’ नावाची गोष्ट रोज कशी हाताने घडवावी लागते ते कळतं. ग्रीनवरचा, म्हणजे अगदी बारीक कापलेल्या शेवटच्या हिरवळीवरचा, होल एका जागी राहत नाही. पहाटे एक माणूस नळीसारखं धारदार अवजार घेऊन येतो, नव्या जागी ते फिरवत खाली दाबतो आणि गवतासकट मातीचा दंडगोल उपसून काढतो. त्या खड्ड्यात सव्वाचार इंच व्यासाची वाटी बसवतो. मग तो दंडगोल कालच्या होलमध्ये घालून दाबतो, कडा सारख्या करतो, पाणी देतो. कालच्या होलची खूणही राहू नये, एवढी सफाई त्यात लागते. जवळच दुसरा कोणी लांब, लवचिक काठी ग्रीनवरून फिरवून दव झाडत असतो, कारण ओल्या पात्यांवर बुरशी धरते. सभासद पहिल्या टीवर येईपर्यंत हे दोघं पुढच्या ग्रीनवर पोहोचलेले असतात. आपलं काम दिसू नये हेच या कामाचं यश असल्यामुळे स्मरणिकेत ते कसं यावं, ही अडचण मला समजते. पण म्हणून ते येऊच नये?

ही गोष्ट फक्त पहाटेच्या मेहनतीपुरती असती, तर चार फोटो आणि एक सत्कार यांवर भागलं असतं. पण खोदायला लागलं की आणखी बरंच वर येतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १८९१ मध्ये शिनेकॉक हिल्स हा क्लब स्थापन झाला. ज्या मूलनिवासी जमातीचं नाव क्लबने घेतलं, तिच्याच सुमारे १५० माणसांनी तो कोर्स हातांनी खणला. तिथल्या काही उंचवट्यांखाली त्यांच्या पूर्वजांची थडगी होती आणि त्यांतले काही पोखरून बंकर, म्हणजे वाळूचे अडथळे, केले, असं कोर्स उभारणाऱ्याच्याच आठवणींत नोंदलेलं आहे. २००५ मध्ये जमातीने या परिसरातल्या हजारो एकर जमिनीवर दावा लावला. क्लबची जमीनही त्यात होती. दावा टिकला नाही. आता अशा क्लबने वर्धापनदिन साजरा करताना फक्त चषकांची यादी छापावी काय? कायद्याने जमीन कोणाची हे कोर्ट सांगतं. इतिहासाने ती कोणाची होती, हे सांगायला कोर्टाची परवानगी लागत नाही.

याच शिनेकॉकवर १८९६ ची यूएस ओपन झाली. जॉन शिपन हा कृष्णवर्णीय मुलगा जेमतेम १६ वर्षांचा होता, त्याच कोर्सवर कॅडीचं, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहण्याचं, काम करत खेळ शिकलेला. शिनेकॉक जमातीचा ऑस्कर बन हाही उतरला होता. या दोघांबरोबर आम्ही खेळणार नाही, अशी धमकी इतर खेळाडूंनी दिली. अमेरिकी गोल्फ संघटनेचे अध्यक्ष, साखरेचे बडे व्यापारी थिओडोर हॅवमायर यांनी सांगितलं की हे दोघंच उरले तरी स्पर्धा होईल. धमकी देणारे मुकाट्याने खेळले. दुसऱ्या फेरीत एका होलवर शिपनला ११ फटके लागले नसते, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. तरी तो पहिल्या दहांत आला.

हा प्रसंग मी मुद्दाम लांबवला. जुन्या वगळण्याचा विषय निघाला की ‘काळच तसा होता’ हे उत्तर तयार असतं. १८९६ हाही ‘तसाच’ काळ होता आणि त्या काळातल्या एका साखरसम्राटाला, ज्याला कोणी क्रांतिकारक म्हणणार नाही, योग्य काय ते एका वाक्यात सांगता आलं. उलट अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत ‘फक्त गोऱ्यांना सभासदत्व’ असं कलम १९६१ पर्यंत होतं. हॅवमायरनंतर ६५ वर्षांनी! म्हणजे काळाच्या ओघात माणसं आपोआप सुधारत गेली, ही समजूत सोयीची असली तरी खोटी आहे. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी निवड केली, कधी दार उघडण्याची आणि कधी आतून कडी घालण्याची. ऑगस्टा नॅशनल या अमेरिकेतल्या क्लबमध्ये १९८२ पर्यंत तिथल्या मास्टर्स स्पर्धेच्या खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते कॅडी कृष्णवर्णीय असत. पहिला कृष्णवर्णीय सभासद मात्र १९९० मध्ये आला. आणि चेंडू ज्यावर ठेवतात त्या लाकडी टीचं एक सुरुवातीचं पेटंट १८९९ मध्ये बॉस्टनच्या जॉर्ज ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्याने घेतलं होतं. त्याआधी ओल्या वाळूची चिमूटभर ढेकूळ करून तिच्यावर चेंडू ठेवायचे.

बायकांची कथा तर आणखी मासलेवाईक. मसलबऱ्याच्या क्लबने १८१० च्या डिसेंबरात ठराव केला की नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कोळणींची गोल्फ स्पर्धा घ्यायची, आणि जिंकणारीला मासळीची नवी टोपली आणि शाल द्यायची. कष्टकरी बायका तेव्हा मैदानात होत्या. प्रतिष्ठित घरांतल्या बायकांना मात्र खांद्याच्या वर स्टिक नेणं अशोभनीय ठरवलं गेलं, म्हणून १८६७ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या स्त्रियांनी फक्त पटिंगचा, म्हणजे चेंडू हलकेच होलकडे ढकलण्याचा, क्लब काढला. टेकाडं-खळग्यांमुळे त्या हिरवळीला ‘हिमालयाज’ म्हणतात आणि आज तिथे कोणीही थोडे पैसे भरून पट मारू शकतं. हा क्लब मला फार प्रिय आहे. नाकारलेल्यांनी काढला आणि आज सगळ्यांना खुला आहे.

आणि मसलबऱ्याला खेळून गेलेली ती ऑनरेबल कंपनी? म्युरफील्डमध्ये २०१६ साली स्त्रियांना सभासद करून घेण्यावर मतदान झालं. ६४ टक्के बाजूने पडले, पण दोनतृतीयांश लागत होते. विरोधकांच्या पत्रात खेळ संथ होईल आणि दुपारच्या जेवणाची घडी विस्कटेल, अशी चिंता होती. जगातले सर्वांत जुने नियम लिहिणाऱ्या मंडळींचे वारस जेवणाच्या टेबलावर येऊन अडकले. त्याच दिवशी ओपन भरवणाऱ्या ‘आर अँड ए’ या संस्थेने जाहीर केलं की म्युरफील्डला यापुढे ओपन मिळणार नाही. पुढच्याच मार्चमध्ये फेरमतदान झालं आणि ८० टक्क्यांनी कौल फिरवला. पहिल्या स्त्रिया सभासद झाल्या २०१९ मध्ये, कोळणींच्या त्या स्पर्धेनंतर दोनशेवर वर्षांनी. २०२२ मध्ये स्त्रियांची ब्रिटिश ओपन तिथेच झाली. जेवणाचं काय झालं, याची बातमी आली नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. खासगी क्लबने कोणाला घ्यावं हे बाहेरच्यांनी का सांगावं? चार मित्रांनी एकत्र जमून पत्ते खेळायचे ठरवले, तर शेजाऱ्याने त्यात नाक खुपसू नये, हे मलाही पटतं. पण पत्त्यांना एक टेबल पुरतं. १८ होलच्या कोर्सला साधारण ५०-६० हेक्टर जमीन लागते आणि अनेक ठिकाणी ती सरकारी भाडेपट्ट्यावर किंवा करसवलतीवर टिकलेली असते. कॅलिफोर्नियात १९६० मध्ये घटनादुरुस्ती करून ना-नफा गोल्फ कोर्सच्या जमिनीवर ‘गोल्फ कोर्स’ म्हणूनच कर आकारायचं ठरलं, तिथे इमारती उभ्या राहिल्या तर काय भाव येईल याचा विचार करायचा नाही. लोकांच्या खिशातून अप्रत्यक्ष सवलत घ्यायची आणि दारावर ‘खासगी’ अशी पाटी लावायची, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. निखळ खासगी पैशावर, खासगी जमिनीवर चालणाऱ्या क्लबबद्दल मी गप्प बसायला तयार आहे. असे क्लब शोधावे लागतील.

जमिनीचा प्रश्न सर्वांत टोकदार झाला हाँगकाँगमध्ये. तिथल्या १८८९ च्या क्लबचा फॅनलिंगचा कोर्स १७२ हेक्टरचा, सरकारी भाडेपट्ट्यावर. घरांची भीषण टंचाई असलेल्या शहरात त्यातले ३२ हेक्टर २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने परत घेतले, काही भागावर सार्वजनिक घरं बांधण्यासाठी. वाद पेटला तेव्हा क्लबच्या बाजूने जुनी झाडं, पक्षी-कीटक, तिथल्या गावकऱ्यांच्या पूर्वजांच्या कबरी आणि शंभर वर्षांचा वारसा पुढे आला. प्रकरण कोर्टात गेलं. मला या युक्तिवादात तथ्य वाटतं, हे सांगायला हवं. शतकभर न खणलेली, न डांबरलेली जमीन शहरात पुन्हा तयार करता येत नाही. जगभर गोल्फ कोर्स दिसला की ‘घरं बांधा’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. एकदा काँक्रीट झालं की ती हिरवळ कोणाचीच राहत नाही. पण क्लबना ही झाडं आणि हे पक्षी बुलडोझर दारात आल्यावरच का आठवावेत? आधीची दशकं तिथे फिरायला, पक्षी बघायला लोकांना येऊ दिलं असतं, तर त्या लोकांनीच क्लबची बाजू घेतली असती. कुंपणाबाहेर ठेवलेला माणूस कुंपण वाचवायला येत नाही.

लोकांना आत घेतलं की दर्जा घसरतो, ही भीती कितपत खरी आहे, ते बेथपेजवर बघावं. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीचे हे सार्वजनिक कोर्स. त्यांतल्या ‘ब्लॅक’ कोर्सवर २००२ आणि २००९ ची यूएस ओपन झाली, २०२५ चा रायडर कप, म्हणजे अमेरिका-युरोप संघांचा सामनाही तिथेच. एरवी तिथे खेळायला मिळावं म्हणून लोक आदल्या रात्री गाडी पार्किंगमध्ये लावून गाडीतच झोपतात. पहिल्या टीजवळ पाटी आहे, हा कोर्स अत्यंत अवघड असून केवळ कसलेल्या खेळाडूंनीच इथे खेळावं. अशी पाटी मला मान्य आहे. ती खेळ विचारते, आडनाव विचारत नाही.

आणि गोल्फकडे तर समतेचं असं एक साधन आहे, जे बहुतेक खेळांकडे नाही: हँडिकॅप. सत्तरीतली आजी आणि तिची जोमदार नात एकाच दिवशी, एकाच मैदानावर खरीखुरी चुरशीची लढत खेळू शकतात, कारण कोणाला किती फटक्यांची सूट हे आधीच ठरलेलं असतं. २०२० पासून ही पद्धत जगभर एकसारखी करण्यात आली. दुबळ्याला सूट देऊन सामना बरोबरीचा करायचा, ही कल्पना ज्यांनी स्कोअरकार्डावर इतक्या काटेकोरपणे उतरवली, त्यांना ती सभासदत्वाच्या अर्जावर कधी सुचली नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. अपवाद आहेत. शिकागोचा हौशी विजेता चिक इव्हान्स, स्वतः एकेकाळचा कॅडी, याच्या पुढाकाराने १९३० मध्ये कॅडींना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देणं सुरू झालं. ते आजतागायत चालू आहे आणि हजारो मुलंमुली त्यातून पदवीधर झाली. क्लबच्या जुन्या व्यवस्थेतूनच, ती न मोडता, नवं दार काढता येतं, याचा हा चांगला दाखला आहे.

पुढच्या काळाचा विचार करायचा तर पाण्याकडे आधी बघावं लागेल. रखरखीत प्रदेशात टीपासून ग्रीनपर्यंत सगळं पाचूसारखं हिरवं ठेवण्याचा हट्ट टीव्हीने लावलेला आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात फेअरवे पिवळे पडतात, चेंडू टणटण उड्या मारत जातो आणि तोच खेळाचा मूळ रंग आहे. मग पिवळ्या गवताची लाज का? फक्त ग्रीन आणि टीला पाणी द्यावं, बाकीचं आभाळावर सोडावं, कडेचं रान वाढू द्यावं. काही क्लबनी हे सुरूही केलं आहे. ऑगस्टाने दुसऱ्या महायुद्धात खेळ बंद ठेवून कोर्सवर गुरं आणि टर्की पाळल्या होत्या, आणि जग बुडालं नाही. काही फुलझाडं तेवढी गुरांनी खाल्ली.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहारी आहे. जी सर्वसाधारण सभा उत्सवाचं अंदाजपत्रक मंजूर करते, तिनेच त्याच बैठकीत आणखी तीन ठराव मांडावेत. पहिला, क्लबचे जुने इतिवृत्त संशोधकांना खुले करायचे, फेटाळलेल्या अर्जांसकट. दुसरा, आठवड्यातला एक दिवस खेळ बंद ठेवून कोर्स चालणाऱ्यांसाठी मोकळा करायचा. गवतालाही त्या दिवशी विसावा मिळतो, हे ग्रीनकीपरला विचारून खात्री करून घ्यावी. तिसरा, ग्रीनकीपर आणि कॅडी यांच्या मुलांसाठी निधी, तोही देणगीच्या भरवशावर न ठेवता वर्गणीतल्या ठरावीक हिश्शातून.

पहिल्या ठरावावर सर्वांत जास्त कुरकुर होईल, दुसऱ्यावर विम्याची शंका निघेल, आणि तिसऱ्यावर सगळे मान डोलावतील, पण ‘ठरावीक हिस्सा’ हे शब्द गाळून ‘यथाशक्ती’ घालायची उपसूचना येईल. ती उपसूचना पडली तर स्मरणिका खुशाल आणखी जाड छापावी.